शेजारधर्म आणि शिरस्ता

महाकाली नदीच्या एका तीरावर उत्तराखंडातले धारचुला आहे आणि समोरच्या तीरावर नेपाळमधले दार्चुला. नावे जवळजवळ एकच, सोयरीक दोन्हीकडे, आणि मध्ये पायी ओलांडायचा एक झुलता पूल. २०२० च्या मार्चअखेरीस हा पूल बंद होता. भारतातल्या टाळेबंदीमुळे काम सुटलेले नेपाळी मजूर मिळेल त्या वाटेने धारचुलापर्यंत पोहोचले आणि स्वतःचा देश डोळ्यांसमोर दिसत असताना अलीकडच्या काठावर अडकून पडले. त्यांतल्या काहींनी अखेर हिमालयातून येणाऱ्या त्या वेगवान पाण्यात उडी घेतली आणि पोहून पलीकडचा काठ गाठला. तिथे त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले.

या प्रसंगाचा दोष एका सरकारच्या माथी मारता येणार नाही. नेपाळने २३ मार्चपासून सीमा बंद केल्या, भारताने २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लावली, आणि साथीच्या त्या पहिल्या आठवड्यांत कोणी समंजस राज्यकर्ता याहून फार निराळे वागला असता असे मला वाटत नाही. खटकते ते दुसरेच. १९५० च्या करारापासून या दोन देशांमधली सुमारे साडेसतराशे किलोमीटरची सीमा लोकांना ये-जा करण्यासाठी खुली आहे आणि लाखो नेपाळी माणसे भारतात राबतात, हे दोन्ही राजधान्यांना चांगले ठाऊक आहे. असे असूनही ही सीमा कधी एकाएकी बंद करावी लागलीच, तर वाटेत असलेल्या माणसाला कोणी, कुठे आणि किती दिवस सांभाळायचे, याची आधी ठरलेली कोणतीच रीत त्या दिवसांत कामाला आलेली दिसली नाही. दोन्हीकडच्या स्थानिक प्रशासनाला जे सुचले ते त्यांनी केले.

महासाथीने आशियातल्या शेजारी देशांना जवळ आणले की एकमेकांपासून तोडले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लिखाणात नेत्यांची भाषणे, मदतीची विमाने आणि बंद झालेल्या सीमा यांचा हिशेब मांडलेला असतो आणि त्यावरून कोण उदार, कोण आपमतलबी याचा निवाडा दिलेला असतो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. महासाथीत देशादेशांमध्ये नवा सद्भाव सहसा निर्माण होत नाही आणि नवे वैरही क्वचितच जन्मते. संकटापूर्वी जे शिरस्ते घालून ठेवलेले असतात तेवढेच संकटात चालतात. शिरस्ता हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. जुन्या कचेऱ्यांतल्या शिरस्तेदाराचे काम, वरचा साहेब बदलला तरी कागद ठरल्या वाटेने पुढे सरकत राहील हे पाहण्याचे असे. शेजारी राष्ट्रांमध्ये असा शिरस्तेदार आहे की नाही, हे भाषणांवरून कळत नाही. संकटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते उघडे पडते.

दक्षिण आशियात ते फार लवकर उघडे पडले. १५ मार्च २०२० रोजी भारताच्या पुढाकाराने सार्क देशांच्या नेत्यांची दूरदृश्य बैठक झाली. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर या पातळीवर सगळे सदस्य देश प्रथमच एकत्र बोलत होते, कारण २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरी हल्ल्यानंतर बारगळली ती बारगळलीच. त्या रविवारी श्रीलंका, मालदीव, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान यांचे राष्ट्रप्रमुख किंवा पंतप्रधान पडद्यावर होते. पाकिस्तानने मात्र पंतप्रधानांच्या आरोग्यविषयक सहायकाला बसवले आणि त्यांनी बोलण्याच्या ओघात काश्मीरचा विषय काढला. भारताने १ कोटी डॉलर देऊन आपत्कालीन निधीची घोषणा केली. श्रीलंकेने ५० लाख, बांगलादेशाने १५ लाख, नेपाळ आणि अफगाणिस्तानने प्रत्येकी सुमारे १० लाख, मालदीवने २ लाख आणि भूतानने १ लाख डॉलर जाहीर केले. पाकिस्तानने एप्रिलमध्ये ३० लाख देऊ केले, पण निधीचा कारभार काठमांडूच्या सार्क सचिवालयाकडे असावा अशी अट घातली. भारताची भूमिका अशी होती की ही व्यवस्था सचिवालयाच्या नेहमीच्या कार्यक्रमाबाहेरची आहे आणि ज्याने त्याने आपला वाटा आपल्या पद्धतीने खर्चावा. एप्रिलच्या ८ तारखेला व्यापार अधिकाऱ्यांची बैठक झाली, तेव्हा सचिवालय पुढे नाही या कारणावरून पाकिस्तान गैरहजर राहिला.

हा वाद क्षुल्लक वाटतो, आणि माणसे दररोज मरत असताना तो क्षुल्लक होताही. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न क्षुल्लक नाही. निधी सचिवालयाकडे गेला असता, तर सार्कच्या सनदेप्रमाणे प्रत्येक निर्णयाला सर्वांची संमती लागली असती, म्हणजे एका सदस्याच्या हाती नकाराधिकार आला असता, आणि भारताची अडचण नेमकी हीच होती. निधी ज्याच्या त्याच्याकडे राहिला, तर तो सामायिक निधी उरत नाही. आठ देशांनी वेगवेगळ्या खिशांतून केलेल्या मदतीला दिलेले ते एक नाव ठरते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते आणि दोन्हींच्या मध्ये संस्था रिकामीच राहिली. त्याच सनदेत द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले आहेत. १९८५ मध्ये ढाक्यात ही तरतूद करणाऱ्यांना वाटले असावे की भांडणे दाराबाहेर ठेवली की आत काम होईल. भांडणे बाहेर थांबली नाहीत, आणि काम मात्र बाहेर जाऊन थांबले.

त्याच वर्षी त्याच सार्कच्या नावाने एक गोष्ट मात्र काही गाजावाजा न होता पार पडली, ती फारशी कोणाच्या लक्षात नाही. २०१२ पासून भारतीय रिझर्व्ह बँक सार्क देशांसाठी चलन अदलाबदलीची एक चौकट चालवते. एखाद्या देशाची परकीय गंगाजळी आटू लागली, तर आधी ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या मुदतीसाठी त्याला डॉलर मिळू शकतात. पर्यटन एका रात्रीत थांबल्यावर मालदीवने एप्रिल २०२० मध्ये या चौकटीतून १५ कोटी डॉलर उचलले, आणि जुलैमध्ये श्रीलंकेशी ४० कोटी डॉलरचा करार झाला. त्यासाठी कोणत्या नेत्याला पडद्यावर यावे लागले नाही. नियम लिहिलेले होते, अर्ज आला, सह्या झाल्या. सहकार्य ही मनाच्या मोठेपणाची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एकाच वर्षी, एकाच संघटनेच्या नावाने, घोषणेतून उभा राहिलेला निधी वादात अडकला आणि आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली चौकट निमूटपणे चालली.

लसींच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक झाला, आणि इथे भारताकडे स्वतःकडे पाहण्यासारखे बरेच आहे. २० जानेवारी २०२१ रोजी, देशातले लसीकरण सुरू होऊन चार दिवसच झाले असताना, भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख मात्रा भेट म्हणून रवाना झाल्या. दुसऱ्या दिवशी बांगलादेशाला २० लाख आणि नेपाळला १० लाख मात्रा पोहोचल्या. श्रीमंत देश आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट लसी आगाऊ नोंदवून बसले असताना एक विकसनशील देश शेजाऱ्यांना आधी आठवतो, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भूतानने तर या भेटीचे सोने केले. सुमारे साडेपाच लाख मात्रा हाती येताच २७ मार्चपासून त्या छोट्या देशाने दुर्गम खोऱ्यांपर्यंत पथके धाडली आणि जेमतेम दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना पहिली मात्रा दिली.

मग भारतात दुसरी लाट आली आणि बाहेर जाणाऱ्या लसी थांबल्या. थांबल्या हे चूक होते का? मला तसे म्हणवत नाही. स्मशानांबाहेर रांगा लागलेल्या असताना लस परदेशी पाठवणारे सरकार कोणत्याही लोकशाहीत टिकले नसते, आणि टिकायला हवे होते असेही नाही. पण भेट आणि विक्री यांच्यात फरक असतो. बांगलादेशाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीच्या तीन कोटी मात्रांचा खरेदी करार केला होता, दरमहा पन्नास लाख याप्रमाणे. ७० लाख मिळाल्या आणि पुरवठा थबकला. २६ एप्रिलला त्या देशाला पहिली मात्रा देणे थांबवावे लागले, आणि पहिली मात्रा घेतलेले लाखो लोक दुसरीसाठी ताटकळले. नेपाळने विकत घेतलेल्या २० लाखांपैकी निम्म्याच हाती आल्या. भूतानची दुसरी मात्रा जुलैच्या २० तारखेपासून सुरू होऊ शकली, ती अमेरिकेकडून आलेल्या पाच लाख आणि डेन्मार्ककडून आलेल्या अडीच लाख मात्रांच्या बळावर. भारतातून निर्यात पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

टंचाईत आपल्या माणसांना आधी द्यावे, हे मान्य. पण टंचाई आली तर शेजाऱ्याच्या करारातला किती वाटा थांबेल, किती दिवस थांबेल आणि दुसरी मात्रा अडलेल्यांसाठी किमान किती सोडले जाईल, हे करार करतानाच ठरवता आले असते. ते ठरले नव्हते, म्हणून जानेवारीतली कृतज्ञता मे महिन्यापर्यंत संशयात बदलली. रिकामी जागा भरायला चीन तयारच होता. २७ एप्रिल २०२१ रोजी चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अफगाणिस्तान, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका यांची बैठक घेऊन आपत्कालीन वैद्यकीय साठ्याचा प्रस्ताव पक्का केला. १२ मे रोजी सायनोफार्मच्या पाच लाख मात्रा भेट म्हणून ढाक्याला पोहोचल्या. त्याच्या दोनच दिवस आधी ढाक्यातल्या चिनी राजदूतांनी बांगलादेशाला जाहीरपणे बजावले होते की भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या क्वाड गटात सामील झालात तर आपल्या संबंधांचे मोठे नुकसान होईल. बांगलादेशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना तितक्याच जाहीरपणे सुनावले की आमचे परराष्ट्र धोरण आम्ही ठरवतो. घेणाऱ्याच्या मनात अशा वेळी काय येत असेल? एकाची भेट अर्ध्यावर थांबते, दुसऱ्याची भेट अट घेऊन येते. अशा देशाला दोन्ही दारांशी संबंध ठेवून कोणावरही विसंबू नये असे वाटले, तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही.

उलट दिशेनेही मदत आली, हे आपण फार लवकर विसरलो. त्या एप्रिल-मे महिन्यांत भूतानने समद्रुप जोंगखारजवळच्या मोतांगा औद्योगिक वसाहतीतल्या नव्या प्रकल्पातून आसामला रोज ४० टन द्रवरूप ऑक्सिजन देण्याची तयारी दाखवली. बांगलादेशाने रेमडेसिव्हिरच्या १० हजार कुप्या पाठवल्या. २००४ च्या त्सुनामीपासून परकीय मदत न घेण्याचे जे धोरण भारताने पाळले होते, ते त्या महिन्यात गुंडाळून ठेवावे लागले. पाकिस्ताननेही व्हेंटिलेटर आणि अन्य साहित्य देऊ केले, आणि तिथल्या ईधी फाउंडेशनने पन्नास रुग्णवाहिका पाठवण्याची तयारी दाखवली. त्या सीमेपर्यंत आल्या नाहीत. मदत स्वीकारण्यालाही एक वाट लागते. ती वाट आधीपासून वापरात नसेल, तर देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याला त्यात मानहानीच दिसते.

पूर्वेकडे पाहिले की आपल्याकडे हमखास एक उसासा ऐकू येतो, आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या आसियान संघटनेने कसे छान निभावले असा. हा उसासा थोडा तपासून घ्यायला हवा. १६ मार्च २०२० च्या रात्री मलेशियाने जाहीर केले की १८ तारखेपासून देशात हालचालबंदी लागू होईल. जोहोर आणि सिंगापूर यांना जोडणाऱ्या मार्गावरून रोज सुमारे तीन लाख मलेशियन कामासाठी ये-जा करत. त्यांच्या हाती जेमतेम एक दिवस आला. हजारो लोक गाठोडी घेऊन घाईघाईने सिंगापुरात शिरले आणि काहींनी पहिल्या रात्री उघड्यावर काढल्या. म्हणजे सुरुवात महाकालीच्या काठापेक्षा फार वेगळी नव्हती. फरक नंतर दिसतो. मालाची वाहतूक सुरू राहील असे दोन्ही पंतप्रधानांनी त्याच दिवसांत बोलून ठरवले. अडकलेल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी सिंगापूर सरकारने मालकांना दर माणशी दर रात्री ५० सिंगापूर डॉलर याप्रमाणे १४ रात्रींचे अनुदान दिले. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची समिती बसली. आणि १७ ऑगस्टपासून कामगारांना किमान ९० दिवस राहून मग घरी जाऊन येण्याची सोय झाली. सीमा पूर्णपणे उघडायला १ एप्रिल २०२२ उजाडला, तेव्हा हे काही स्वर्गीय सहजीवन नव्हते. पण पहिल्या दोन आठवड्यांत कोणी कोणाला फोन करायचा हे तिथे ठाऊक होते.

ते ठाऊक असण्यामागे दोन जुने घाव आहेत. १९९७ च्या आर्थिक संकटाने आग्नेय आशियाला चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यासोबत बसायला शिकवले आणि त्यातून २००० मध्ये चलनसाहाय्याचा चिआंग माई उपक्रम उभा राहिला. २००३ मध्ये सार्सची साथ आली, तेव्हा २९ एप्रिलला बँकॉकमध्ये नेत्यांची खास बैठक झाली आणि आपल्या देशातली साथ दडवल्याबद्दल टीकेचा धनी झालेला चीनही तिथे आला. या बैठकांतून निर्माण झालेल्या यंत्रणा २०२० मध्ये धूळ झटकून वापरता आल्या. तरीही आसियानची गोष्ट सरळ नाही. व्हिएतनामने २४ मार्चला तांदळाची नवी निर्यात थांबवली, मग एप्रिलमध्ये कोटा ठरवला आणि १ मेपासून ती मोकळी केली. आपला प्रदेश ७ लाख ८७ हजार टनांच्या सामायिक तांदूळ साठ्याचा करार करून बसला आहे, याची आठवण त्या पहिल्या आठवड्यात कोणी ठेवलेली दिसली नाही. साथरोगांसाठी प्रादेशिक केंद्र काढायचे २०२० मध्ये ठरले आणि जपानने ५ कोटी डॉलर देऊ केले. मग ते कुठे असावे यावर व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि थायलंड यांची रस्सीखेच चालली आणि शेवटी तिघांत वाटून घ्यायचा तोडगा निघाला. आपल्या साखर कारखान्यांच्या राजकारणाची आठवण यावी असा हा प्रकार आहे.

जपान आणि दक्षिण कोरिया तर लोकशाही, समृद्धी आणि अमेरिकेशी मैत्री या तिन्ही बाबतींत एकसारखे. पण मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात जपानने चीन आणि कोरियातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा सोलने ताबडतोब जपानी प्रवाशांची व्हिसामाफी रद्द करून उत्तर दिले. त्याआधीच्या वर्षी अर्धवाहक उद्योगाला लागणाऱ्या रसायनांवरून दोघांचे वाजलेले होते, आणि साथीने त्याच भांडणाला नवे निमित्त दिले. याच कोरियाने १ मेपासून चीनशी मात्र व्यावसायिकांच्या जलद प्रवेशाची सोय केली. राज्यव्यवस्थेचे साम्य इथे उपयोगी पडले नाही. कारखान्यांची रोजची गरज पडली.

आता एक आक्षेप, ज्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांनी लवकर आणि कडक कुंपण घातले, त्यांचे पहिल्या वर्षात भले झाले. मंगोलियाने जानेवारी-फेब्रुवारीतच चीनची सीमा माणसांसाठी बंद केली आणि नोव्हेंबर २०२० पर्यंत त्या देशात स्थानिक संसर्ग नव्हता. मग अलगपणाला दोष का द्यायचा? मला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सीमा बंद करणे हा साथ रोखण्याचा उपाय आहे, जसे घरातल्या आजाऱ्याची खोली वेगळी करणे. शेजाऱ्याशी बोलणे बंद करणे हा राजकीय निर्णय आहे. याच मंगोलियाचे अध्यक्ष बाटुल्गा सीमा बंद असताना २७ फेब्रुवारीला बीजिंगला गेले, तीस हजार मेंढ्यांची भेट जाहीर केली आणि परत येऊन स्वतः विलगीकरणात राहिले. दार लावून घेतले होते आणि खिडकीतून बोलणे चालू होते. दुसऱ्या टोकाला उत्तर कोरिया. त्यानेही जानेवारी २०२० मध्येच सीमा बंद केल्या. चीनशी असलेला त्याचा व्यापार त्या वर्षी सुमारे ८० टक्क्यांनी घसरला. ईशान्य आशियाच्या आरोग्य सहकार्याचा प्रस्ताव दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांत मांडला, त्याला प्योंगयांगने प्रतिसाद दिला नाही. आणि मे २०२२ मध्ये साथ पसरल्याची कबुली देण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या जनतेचे लसीकरणही झालेले नव्हते. दोघांनीही कुंपण घातले होते. म्हणून किती सीमा बंद झाल्या याची मोजदाद करून अलगपणाचे माप काढणे मला निरर्थक वाटते.

भारतातही या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. १७ एप्रिल २०२० च्या आदेशाने भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली. मे महिन्यात आत्मनिर्भरतेची घोषणा झाली. जूनमध्ये गलवानला वीस जवान धारातीर्थी पडले आणि महिनाअखेर ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. नोव्हेंबरमध्ये पंधरा देशांनी आरसेप या आशिया-पॅसिफिक व्यापार करारावर सह्या केल्या, ज्यातून भारत वर्षभर आधीच बाहेर पडला होता. यांतला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय असू शकेल, गलवाननंतरचे तर नक्कीच. पण साथीच्या काळात ते एकापाठोपाठ आल्याने लोकांच्या मनात सगळ्यांचा एकच अर्थ रुजला, की जग भरवशाचे नाही आणि शेजारी तर मुळीच नाहीत. नेपाळमध्येही हेच उलट बाजूने घडले. नेपाळ हक्क सांगतो त्या लिपुलेखच्या रस्त्याचे भारताने ८ मे रोजी उद्घाटन केले, २० मे रोजी नेपाळने तो भाग आपल्यात दाखवणारा नवा नकाशा काढला, आणि भारतातून येणारा विषाणू चिनी आणि इटालियन विषाणूपेक्षा अधिक घातक दिसतो असे त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत म्हटले. विषाणूला पारपत्र देण्याचा हा उद्योग त्या वर्षी जगभर चालला होता.

बेनापोल आणि पेट्रापोल ही भारत-बांगलादेश व्यापाराची सर्वांत मोठी भूवाट. मार्चमध्ये ती थांबली. ३० एप्रिलला शून्य रेषेवर एका देशाच्या ट्रकमधला माल दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये चढवण्याची युक्ती करून ती सुरू झाली, पण संसर्गाच्या भीतीने सीमेवरच्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि तीन दिवसांत पुन्हा बंद पडली. केंद्रीय गृह मंत्रालयाने पश्चिम बंगाल सरकारला पत्र लिहून भारताच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीची आठवण करून दिली. ट्रक पुन्हा धावू लागले जूनमध्ये. या तिढ्यातून निघालेली पळवाट मोठी बोलकी आहे. जुलैत आंध्र प्रदेशातल्या गुंटूर जिल्ह्यातून सुक्या मिरच्यांनी भरलेली एक पार्सल रेल्वेगाडी थेट बेनापोलला गेली. रूळ होते, ते फाळणीआधीपासून होते. अशा पार्सल गाडीसाठी त्यांचा उपयोग करायचे सुचायला महासाथ यावी लागली. गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. ट्रकचालकाने कुठे थांबायचे, त्याची तपासणी कोणी करायची, तो आजारी निघाला तर कोणत्या देशाच्या रुग्णालयात न्यायचे, हे ठरलेले असते आणि गावाला माहीत असते, तर भीती इतकी पेटली नसती.

शत्रुराष्ट्रांमध्ये असे काही ठरू शकत नाही, हा समज इतिहासाला धरून नाही. १९१०-११ मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मारली. त्या भूमीवर रशिया आणि जपान डोळा ठेवून होते आणि चीनचे राजघराणे शेवटचे आचके देत होते. तरीही तिथल्याच मुकडेन शहरात, पेनांगमध्ये जन्मलेल्या वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरच्या अध्यक्षतेखाली, एप्रिल १९११ मध्ये अकरा देशांचे तज्ज्ञ जमले, आणि रशियन व जपानी शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसले. १९२५ मध्ये राष्ट्रसंघाने सिंगापुरात आरोग्य केंद्र उघडले. आशियातल्या बंदरांतून तारेने येणारी प्लेग, पटकी आणि देवीची खबर तिथे गोळा होई आणि दर आठवड्याला सर्वांना कळवली जाई. ही व्यवस्था वसाहतवाद्यांच्या व्यापारासाठी होती, हे खरेच. पण खबर वेळेवर पोहोचत होती.

आज ती खबर कोणत्या रस्त्याने जाते ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रचनेत भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश हे दिल्लीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आहेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान कैरोकडे, चीन मनिलाकडे. दोन कोरियांतला उत्तरेकडचा दिल्लीकडे आणि दक्षिणेकडचा मनिलाकडे. म्हणजे ज्या देशांच्या सीमा एकमेकांना भिडलेल्या आहेत आणि ज्यांची एकमेकांशी बोलण्याची सवय सर्वांत कमी आहे, त्यांनाच या रचनेने वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला, पण रोगजंतूंचे नमुने देणाऱ्याला त्यांपासून बनणाऱ्या लसींचा किती वाटा मिळावा, हा कळीचा भाग पुढच्या वाटाघाटींवर सोडला. याच मुद्द्यावर इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले होते, कारण त्या नमुन्यांवरून परदेशात बनणारी लस आपल्याला परवडणार नाही हे त्याला दिसत होते. त्यावरून जगात ओरड झाली, पण मला त्यात अलगपणाहून रोखठोक व्यवहार अधिक दिसतो.

जगाच्या पातळीवरचे हे करार लांबत राहतील. शेजाऱ्यांना त्यांची वाट पाहण्याची गरज नाही. मेकाँग खोऱ्यात कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम आणि चीनचे दोन प्रांत यांनी २००१ पासून रोगनिरीक्षणाचे एक जाळे चालवले आहे, ज्यात सीमेच्या दोन्ही बाजूंचे जिल्हा आरोग्य अधिकारी एकमेकांना थेट ओळखतात आणि राजधानीची परवानगी येण्याआधी फोन उचलतात. दक्षिण आशियात सार्कची शिखर परिषद भरो वा न भरो, रक्सौल आणि बीरगंज, धारचुला आणि दार्चुला, पेट्रापोल आणि बेनापोल यांच्या आरोग्य आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना असा लेखी अधिकार द्यायला कोणाचा नकाराधिकार आड येत नाही. सीमा बंद करण्यापूर्वी किमान काही तासांची सूचना, अडकलेल्या माणसांचा निवारा आणि खर्च, मालवाहतुकीचे नियम, आणि कोणत्याही परिस्थितीत निर्यातबंदी न लावण्याच्या औषधांची एक छोटी यादी, एवढे जरी द्विपक्षीय कागदावर आले तरी पुष्कळ होईल. लस आणि औषधांच्या करारांत टंचाईचे कलम असावे, म्हणजे थांबवण्याचा हक्क राहील आणि किती थांबवायचे याला मर्यादाही राहील.

पाकिस्तानचे काय, हा प्रश्न उरतोच. २०२५ च्या एप्रिलनंतर, पहलगामचा हल्ला, अटारीचे नाके बंद, सार्क व्हिसा सवलत रद्द, सिंधू करार स्थगित, अशा स्थितीत तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याशी आपल्या अधिकाऱ्याने बोलावे असे सुचवणे भाबडेपणाचे वाटेल. मलाही ते काही काळ वाटले. पण २०२० चाच एक प्रसंग आहे. त्या वर्षी टोळधाडीने पाकिस्तानात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली आणि थवे राजस्थानात शिरले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा टोळ आयोग १९६४ पासून आहे. दोन युद्धे, कारगिल आणि बालाकोट यांच्यातून तो तगला. पावसाळ्याच्या हंगामात राजस्थानातल्या मुनाबाव किंवा सीमेपलीकडच्या खोखरापार इथे दोन्हीकडचे टोळ अधिकारी समोरासमोर बसून कोणत्या वाळवंटात किती अंडी दिसली याच्या नोंदी देत-घेत असत. २०२० मध्ये संसर्गामुळे या गाठीभेटी पडद्यावर आल्या आणि दर आठवड्याला होऊ लागल्या. आपत्कालीन निधी कोणाच्या ताब्यात असावा यावर दिल्ली आणि इस्लामाबाद यांचा खल चालू होता, त्याच महिन्यांत या दोन देशांचे अधिकारी थव्यांची दिशा, वारा आणि फवारणीचे क्षेत्र एकमेकांना कळवत होते.